मंगलताईंचा राहिलेला रुपया

पैसे बुडवणारी माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. ग्रामसेवकाच्या नशिबात ती असतातच. घरपट्टी मागायला दारात जावं, तर 'मालक शेतात गेलेत' असं सांगणारा इसम स्वतःच मालक असतो. त्यात मला नवल वाटेनासं झालं होतं. पण सगळे पैसे रोख मोजून द्यायचे आणि शेवटचा एक रुपया मुद्दाम, समजून-उमजून, हातात असताना मागे ठेवायचा, असं करणारी बाई मी एकच पाहिली. त्या मंगलताई. त्यांच्यापायी माझं डोकं जितकं पिकलं तितकं पंचायत समितीच्या बैठकांनीही पिकलं नाही.

हरसूलच्या रस्त्याला नाशिक मागे पडून डोंगर जवळ यायला लागले की ते गाव लागतं. टोमॅटो, झेंडू, गुलछडी. पहाटे सगळी फुलं टेम्पोत बसून नाशिकच्या बाजारात जातात आणि माणसं मोकळी होतात ती एकमेकांशी भांडायला. मी तिथला चार्ज घेतला तो ऐन मार्चमध्ये, म्हणजे वसुलीच्या धामधुमीत. मंगलताई टेम्पो भरून तशाच ग्रामपंचायतीत आल्या. पदराला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. त्यांनी नोटा टेबलावर ठेवल्या, मी मोजल्या, एक रुपया कमी भरला.

"ताई, एक रुपया कमी आहे. सुटे नाहीत का?"

"हाय की." त्यांनी कनवटीचं नाणं काढून मला दाखवलं आणि पुन्हा कनवटीला लावलं. "पण तो नाय द्यायचा. राहू द्या."

"राहू द्या म्हणजे?"

"म्हंजे राहू द्या, भाऊसाहेब. समदं फेडून टाकलं तर पुन्हा यायला कारण काय राहिलं? तुम्ही नवीन, मी जुनी. वळख राहायला नको का?"

ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. त्यात आपुलकी किती आणि कामापुरता मस्का किती हे ज्याचं त्याने ठरवावं. माझा स्वभाव चोख. हिशेबात पैसा इकडचा तिकडे झाला तर मला जेवण जात नाही. नव्या गावात वाद नको म्हणून मी माझ्या खिशातला रुपया घातला आणि पूर्ण पावती फाडली. दुसऱ्या दिवशी बाई पावती घेऊन माझ्या टेबलापुढे उभ्या. चेहरा असा, की मी त्यांच्या घरात चोरी केली असावी.

"माझं देणं फेडणारे तुम्ही कोण? माझं तुमचं नातं काय?"

मला ती पावती रद्द करावी लागली. एक रुपया बाकी दाखवून नवी फाडावी लागली. माझा रुपया मी परत खिशात टाकला तेव्हाच त्या शांत झाल्या, आणि मग घरून मला चहा पाठवला. त्या गावात पहिल्या चहासाठी मला अशी किंमत मोजावी लागली.

पुढे कळलं, की हा मान एकट्या ग्रामपंचायतीचा नव्हता. नामदेवशेठच्या किराणा दुकानात त्यांचा एक रुपया बाकी, गिरणीवाल्याकडे बाकी, टेलरकडे बाकी, डेअरीत बाकी. गिरणीवाला दळणाच्या डब्यावर मूठभर पीठ जास्त टाकायचा आणि अभिमानाने सांगायचा, "मंगलताईचा रुपया आमच्याकडं माझ्या वडलांपासून हाय." त्याच्या वडिलांना जाऊन बराच काळ लोटला होता. ज्यांच्याकडे ताईंचा रुपया बाकी नव्हता ती माणसं गावात जरा उपरी समजली जात. शाळेतल्या नव्या मास्तरांनी तर एकदा मला विचारलं, "सर, त्यांचं माझ्याकडे काही राहत कसं नाही? मी काही चुकलो का?"

भांडणं मिटवायला लोक त्यांच्याकडे जायचे ते याच रीतीमुळे. दोघा भावांनी वाटणी केली. शेत वाटलं, विहिरीचं पाणी वाटलं, आईची पातेलीसुद्धा वाटली. शेवटी राहिली एक लोखंडी शिडी. ती कापायची की विकायची यावरून दोघे एकमेकांच्या उरावर बसायला निघाले. मंगलताईंनी निवाडा दिला : शिडी थोरल्याकडे राहील, धाकट्याचा अर्धा वाटा थोरल्याकडे बाकी राहील, आणि तो कधीच फेडायचा नाही. मी तिथेच होतो. मी म्हणालो, "ताई, याला निकाल म्हणत नाहीत. याने वाद तसाच राहतो." त्या म्हणाल्या, "राहू द्या की. शिडीच्या निमित्तानं का व्हईना, धाकटा थोरल्याच्या दारात जाईल. समदं वाटून झाल्यावर कशाला जाईल?" धाकटा आजही शिडी मागायला जातो. गेला की तासभर येत नाही. त्याच्या घराला माळा नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

मग गावचे पोलीस पाटील वयोमानाने निवृत्त झाले. पोलीस पाटील म्हणजे सरकारचा गावातला विश्वासाचा माणूस. काही भलंबुरं घडलं की ठाण्याला पहिली खबर त्याची, पंचनाम्याला पहिला उभा तो. जागा या खेपेला महिलेसाठी राखीव निघाली. अख्ख्या गावाने मंगलताईंचं नाव घेतलं. त्या दहावी झालेल्या होत्या. वयाची अट पंचेचाळीसची, आणि ताईंना ते वर्ष लागायला थोडेच दिवस उरलेले. आत्ता नाही तर पुन्हा नाही. अर्जाला जोडायच्या कागदांत एक होता थकबाकी नसल्याचा दाखला. तो मी द्यायचा.

मी संगणक उघडला. मंगलताईंचं नाव लाल अक्षरात. बाकी, रुपये एक.

"ताई, रुपया भरा."

त्यांचा हात कनवटीला गेला आणि तसाच परत आला. मला वैताग आला. म्हटलं, "अहो, एका रुपयासाठी पद घालवता का? आणि तसं एवढं काय अडलंय त्या पदावाचून? मानधन ते केवढं, आणि रात्री-अपरात्री मढ्यांजवळ बसायचं."

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांची धाकटी बहीण पलीकडच्या तालुक्यात दिली होती. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोवर विहिरीत सापडली. तिथल्या पोलीस पाटलाने उभ्या-उभ्या लिहून दिलं, पाणी भरताना पाय घसरला. कुणी काही विचारलं नाही. नंतर सासरची माणसं टेम्पो घेऊन आली आणि लग्नात दिलेलं सगळं परत करून गेली. हंडे, कळशी, गादी, शिवणयंत्र. चमचेसुद्धा मोजून दिले. वर ती माणसं म्हणाली, आता तुमचं आमचं काही राहिलं नाही, विषय मिटला.

"भाऊसाहेब, एखादा हंडा ठेवून घेतला असता ना त्यांनी, तर मी तो मागायला गेले असते. हंड्याच्या निमित्तानं त्या घरात पाय ठेवला असता, इचारलं असतं. पण काय बी ठेवलं नाय हो त्यांनी. लय चोख माणसं." त्यांनी अर्जाचा कागद माझ्याकडे सरकवला. "मला पद पायजे ते येवढ्याच्यासाठी. माझ्या गावात कुणा पोरीचा पाय घसरला, तर कसा घसरला हे मला इचारायचंय."

चोख हा शब्द मी स्वतःबद्दल आयुष्यभर मिरवला होता. त्या दिवशी तो मला कानाला बोचला. पण नियम तो नियम. मी म्हटलं, "ताई, मला सगळं कळतं. दाखला मात्र रुपया भरल्याशिवाय देता येत नाही." त्यांनी कनवटीचं नाणं काढलं, टेबलावर ठेवलं आणि तोंड दुसरीकडे केलं. मी पावती फाडली. असं वाटलं, की मी त्यांच्या हातातली बांगडी उतरवून घेतोय.

एवढ्यावर भागलं असतं. पण कुणीतरी प्रांत कार्यालयात निनावी अर्ज केला : सदर महिला गावातील प्रत्येकाची देणेकरी असून सवयीची थकबाकीदार आहे, अशा व्यक्तीस विश्वासाचे पद देणे धोक्याचे आहे. अर्जात खोटं काही नव्हतं, हीच पंचाईत. प्रांत कार्यालयाने चौकशी मला लावली. सर्व धनकोंचे जबाब घ्यावेत. आयुष्यात पहिल्यांदा मी एका रुपयाचे धनको शोधत गावात फिरलो. नामदेवशेठने दिलेला जबाब मला पाठ आहे : "मंगलताईंकडून मला एक रुपया येणे आहे. सदर रुपया मला नको आहे. तो कोणी वसूल करून दिल्यास माझी हरकत राहील."

जबाब पाहून वरून आदेश आला, की देणी फेडल्याच्या पावत्या जोडा. बाईंनी पदर खोचला आणि सुटे रुपये घेऊन गावात निघाल्या. तिथून जे सुरू झालं ते कुणाला सांगून खरं वाटत नाही. गिरणीवाल्याने गिरणी बंद करून कुलूप लावलं आणि तो मागच्या दाराने पळाला. टेलर म्हणाला, माझं काही चुकलं असेल तर ब्लाऊज उसवून पुन्हा शिवतो, पण असं तोडू नका. नामदेवशेठने तर गल्ल्यावर दोन्ही हात पालथे घातले.

"मी घ्यायचा नाय, ताई. आज रुपया देशील, उद्या दुसऱ्या दुकानात जाशील. मला म्हायती हाय."

"अहो शेठ, पदासाठी देतेय."

"पदासाठी माणसं सोडायची व्हय?"

शेवटी रुपया गल्ल्याच्या फटीतून आत सारला तेव्हा शेठने उपरण्याला डोळे पुसले. मी साक्षीदार म्हणून उभा होतो. त्यांची पावती मीच लिहिली.

संध्याकाळपर्यंत गावात बातमी पसरली, की मंगलताई सगळ्यांचे पैसे फेडत सुटल्यात. आणि माणूस सगळ्यांचे पैसे केव्हा फेडतो? जायच्या आधी. झालं. बायका पाण्याचे हंडे टाकून ताईंच्या अंगणात येऊन बसल्या. कुणी म्हणे डॉक्टरने सांगितलंय, कुणी म्हणे पोटात गाठ आहे, कुणी म्हणे रामनाथभाऊंनी काहीतरी बोलून मन दुखवलंय. रामनाथभाऊ म्हणजे ताईंचे यजमान, इतके मुखदुर्बळ की त्यांनी कुणाचं मन दुखवायचं तर आधी तोंड उघडायला हवं. ते बिचारे गोठ्यात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी घोटीहून ताईंचा भाऊ तांदळाचं पोतं घेऊन रडत उतरला. तांदूळ कशासाठी, असं विचारलं तर म्हणाला, माणसं जमतील, जेवायला लागेल. ताईंनी त्याच पोत्यावर त्याला बसवून पाणी पाजलं.

सगळ्यात कडी केली ती जुन्या पोलीस पाटलांनी. कारभार अजून त्यांच्याकडेच होता. त्यांनी कर्तव्य म्हणून ठाण्याला खबर दिली, की गावातील एक महिला संशयास्पदरीत्या सर्व देणी मिटवीत आहे, जिवाचे बरेवाईट करण्याची शक्यता आहे. एक हवालदार मोटारसायकलवरून आले. मी ताईंच्या ओट्यावरच होतो.

"बाई, तुमच्याविषयी माहिती मिळालीय, की तुम्ही सगळ्यांचे पैसे देताय."

"देणं हा गुन्हा हाय का, साहेब?"

"गुन्हा नाही," हवालदार विचार करून म्हणाले, "पण असं कुणी करत नाही."

त्यांनी विहिरीला जाळी आहे का पाहिलं, घरात कीटकनाशक कुठे ठेवलंय ते पाहिलं, चहा घेतला. जाताना 'चहाचे किती' म्हणून थट्टेने विचारलं. ताई म्हणाल्या, "एक रुपया. पण आत्ता देऊ नका." हवालदार हसले. माझ्या लक्षात काहीच आलं नाही. ताईंच्या मात्र आलं असावं, कारण त्या जागच्या जागी थबकल्या.

त्याच आठवड्यात कागद द्यायला आम्ही दोघे एसटीने नाशिकला निघालो. कंडक्टरने तिकीट दिलं, मागे काहीतरी खरडलं आणि म्हणाला, "एक रुपया राहिला मावशी, उतरताना घ्या." ताईंनी ते तिकीट उलटसुलट केलं. मग माझ्याकडे वळल्या. एवढं समाधान मी त्यांच्या तोंडावर पावत्या जोडल्यावरसुद्धा पाहिलं नव्हतं.

"भाऊसाहेब, त्याचं माझ्याकडं राहिलं तर मी थकबाकीदार. आन् माझं त्याच्याकडं राहिलं तर?"

"तर तो."

"मग मला कोण अपात्र करणार?"

उतरताना त्यांनी रुपया घेतला नाही. परत आल्यावर थेट ग्रामपंचायतीत शिरल्या, पुढच्या वर्षाची पट्टी आगाऊ भरते म्हणाल्या, आणि एक रुपया जास्त ठेवला. मी म्हणालो, जादा रक्कम घ्यायची तरतूद नाही. त्या म्हणाल्या, शोधा. मी शोधलं, आणि दुर्दैवाने सापडली. त्या दिवसापासून ग्रामपंचायत मंगलताईंची एक रुपयाने देणेकरी झाली. मग गिरणीवाला झाला, टेलर झाला, डेअरी झाली. नामदेवशेठने रुपया दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. गावाचा जीव भांड्यात पडला. गिरणी पुन्हा सुरू झाली. घोटीचा भाऊ पोतं तिथेच ठेवून परत गेला, आम्ही ते तांदूळ पुढे कितीतरी दिवस खाल्ले.

मुलाखतीला मलाही चौकशीच्या कागदांसह बोलावणं आलं. प्रांताच्या खुर्चीत एक तरुण बाई होत्या, हुशार आणि घाईत.

"गावात तुमचं कुणाला देणं आहे?"

"आता नाय, मॅडम. उलट लोकच माझं देणं लागतात."

मी डोळे मिटून घेतले. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "किती लोक?"

"समदं गाव म्हणा."

"म्हणजे तुम्ही सावकारी करता? परवाना आहे?"

"सावकारी नाय हो. एकेकच रुपया हाय."

"व्याज काय घेता?"

ताईंनी खरोखर विचार केला. "येऊन बसतात. चहा मीच पाजते."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी ग्रामपंचायतीच्या वतीने कबूल केलं, की होय, आमच्याकडेही त्यांचा एक रुपया आहे. सरकारी कार्यालयात सरकारनेच आपण देणेकरी असल्याचं उभं राहून सांगायचं, ही वेळ माझ्यावर आली. मॅडमना हसू आवरेना. मग त्यांनी विचारलं, हे पद कशासाठी हवं. ताईंनी बहिणीचं सांगितलं, मला सांगितलं होतं तेवढंच, एकही शब्द जास्त नाही. मॅडमचं हसू गेलं. नेमणुकीचा कागद महिन्याच्या आत आला.

ताईंनी पद कसं सांभाळलं हे सांगायला एकच गोष्ट पुरे. दोनेक वर्षांनी भर दुपारी नामदेवशेठची सून विहिरीत पडली. शेजारच्या मळ्यातल्या बायांनी दोर सोडून तिला वर काढली म्हणून वाचली. शेठचा मुलगा, शेठ, गावातली शहाणी माणसं, सगळी एका सुरात सांगत होती, पाणी शेंदताना पाय घसरला. शहाणी माणसं मलाही बाजूला घेऊन म्हणाली, भाऊसाहेब, ताईंना सांगा, गावाची अब्रू आहे, मिटवून टाका. मी निरोप दिला. मंगलताई म्हणाल्या, "मला मिटवायला नेमलेलं नाय." आणि त्या नाशिकच्या सरकारी दवाखान्यात त्या पोरीच्या खाटेशेजारी जाऊन बसल्या. रोज एकच विचारायच्या, "कसा घसरला गं?" पोरगी भिंतीकडे तोंड करायची. ताई तिची वेणी घालून द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायच्या. शेवटी पोरीने सांगितलं. पाय घसरला नव्हता. नवऱ्याने ढकललं होतं.

ताईंनी ठाण्याला खबर दिली तशी नामदेवशेठ ग्रामपंचायतीत आले. ताई तिथेच होत्या. शेठने रुपया माझ्या टेबलावर आपटला. तो घरंगळत खाली गेला.

"हा घे तुझा रुपया. आजपासून तुझं माझं संपलं."

ताईंनी वाकून रुपया उचलला, पदराने पुसला आणि शेठच्या सदऱ्याच्या खिशात घातला.

"मी नाय घेत, शेठ. तुमचा पोरगा काय करून बसलाय ते कोर्ट बघंल. तुमचं माझं कशाला संपंल? ठेवा तुमच्याकडं."

शेठ खिसा उलटा करून रुपया टाकून देतील असं मला वाटलं होतं. त्यांनी टाकला नाही. बोलणं मात्र टाकलं ते टाकलंच. मुलगा आत गेला. सून माहेरी राहून शिकली, आता कुठेशी नोकरी करते. त्या पोरीला मी एकदा नाशिकला पाहिलं, हातात डबा, घाईत होती. मला फार बरं वाटलं.

मी निवृत्त होऊन नाशिकला आलो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात मंगलताईंना कावीळ झाली. टोमॅटोचा हंगाम म्हणून त्यांनी ती अंगावर काढली, आणि त्या गेल्या. निरोप आला तसा मी निघालो. नाशिकमध्येच, द्वारका चौकात, गाड्या अशा अडकल्या की रिक्षावाला उतरून विडी ओढायला लागला. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. मला रडू आलं ते तिथे नाही, रिक्षातच आलं होतं.

माणसं पांगत होती. नामदेवशेठ मात्र ताईंच्या ओट्याशी उभे होते, खूप थकलेले. मूठ मिटलेली. मला पाहून त्यांनी ती उघडली. आत रुपया.

"भाऊसाहेब, तुम्हाला नियम म्हायती. हा कुणाला द्यायचा? रामनाथ घेत नाय."

मी त्यांना ओट्यावर बसवलं.

"पोराला आत घातल्यावर मला वाटलं आता ही माझं तोंड बघायची नाय. पण दर बाजारच्या दिवशी दुकानात यायची. काय घ्यायची नाय. निस्ती इचारायची, शेठ, माझा रुपया हाय ना? मी बोलायचो नाय. मान हलवायचो. मग जायची." ते त्या नाण्याकडे बघत राहिले. "एवढी वर्सं माझ्या दारात दुसरं कुणी आलं नाय. एकदा तरी बोलायला पायजे होतं हो मी."

मी त्यांची मूठ माझ्या हाताने मिटली. दुसरं काय करणार.

आमच्या ग्रामपंचायतीत आता नवी ग्रामसेविका आहे. चुणचुणीत मुलगी, माझ्यासारखीच चोख. लेखापरीक्षक दरवर्षी शेरा मारतात, की मयत खातेदार मंगलताई यांचा एक रुपया जादा जमा दिसतो, निकाली काढावा. वारस अर्ज करत नाहीत, आणि अर्जाशिवाय परत करता येत नाही. यंदा मार्चमध्ये तिचा मला फोन आला.

"सर, तो एक रुपया खात्यावरून काढून टाकू का? उगाच दरवर्षी कटकट."

मी म्हणालो, "राहू द्या, बाई. मागायला येतील त्या."